पुस्तक एक सांगतं, दगड दुसरंच

इऑनिक खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना वळत गेलेली वेटोळी असतात. दिसायला सोपी, काढायला महाकठीण. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने ती काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. वेटोळ्याची उंची आठ भाग धरायची, त्यातला एक भाग मधल्या ‘डोळ्या’साठी ठेवायचा, आणि वर्तुळाचा प्रत्येक चतकोर पार करताना रेषा डोळ्याच्या निम्म्या मापाने आत घ्यायची. पण कंपासचं टोक दर वेळी नेमकं कुठे टेकवायचं? त्यासाठी ग्रंथाच्या शेवटी दिलेली आकृती पाहा, असं तो सांगतो. ती आकृती मात्र दीड हजार वर्षांच्या नकला करताना कुठेतरी गळून गेली. राहिले ते फक्त शब्द.

सोळाव्या शतकातल्या इटलीत या एका वेटोळ्यापायी हुशार माणसांनी वर्षानुवर्षं खर्ची घातली. जुझेप्पे साल्व्हियाती या चित्रकाराने १५५२ मध्ये व्हेनिसमध्ये एवढ्याच विषयावर एक पुस्तिका छापली. सेर्लिओ, विन्योला, पाल्लादिओ या तिघा वास्तुकारांनीही आपापल्या ग्रंथांत आपापली रीत दिली. एकीकडे व्हिट्रुव्हियसचं वाक्य, दुसरीकडे रोमच्या पडक्या देवळांत मोजलेली खरी वेटोळी, आणि हातात कंपास. या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत कुणी स्वस्थ बसायला तयार नव्हतं.

प्रबोधनकाळातल्या वास्तुकारांनी प्राचीन रोमची कला ‘पुन्हा जिवंत केली’ असं आपण सहज म्हणून जातो. त्यातून असं चित्र उभं राहतं, की एक तयार शास्त्र मातीखाली गाडलेलं होतं आणि या मंडळींनी ते फक्त वर काढलं. प्रत्यक्षात तसं तयार शास्त्र कुठे नव्हतंच. होता एक अवघड, चित्रहीन ग्रंथ. होते शेकडो भग्नावशेष, आणि ते त्या ग्रंथाशी जुळत नव्हते. आज जगभर ‘अभिजात वास्तुशैली’ म्हणून जी शिकवली जाते, ती या दोहोंमधली फट बुजवताना घडली. ती घडवणारे एका हाताने वाचत होते आणि दुसऱ्या हाताने बांधत होते.

व्हिट्रुव्हियसचा दहा भागांचा ग्रंथ मध्ययुगात पूर्ण हरवला होता असं नाही. मठांच्या ग्रंथालयांत त्याच्या प्रती होत्या, आणि पेत्रार्कसारख्या विद्वानाने तो वाचलाही होता. १४१६ मध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी याला आजच्या स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेनच्या मठात त्याची एक प्रत मिळाली, तेव्हापासून इटलीतल्या विद्वानांच्या वर्तुळात त्याची चर्चा जोरात सुरू झाली. मात्र ग्रंथ हाती येणं वेगळं आणि तो कळणं वेगळं. लॅटिन वाक्यांत जागोजागी ग्रीक संज्ञा पेरलेल्या, नकलाकारांच्या चुका वरून, आणि चित्रं नाहीत.

फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने मात्र पुस्तकाची वाट पाहिली नाही. फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या काशाच्या दरवाजासाठी १४०१ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. तीत तो गिबेर्तीकडून हरला आणि शिल्पकार मित्र दोनातेल्लोला घेऊन रोमला गेला. हे दोघं अवशेषांच्या पायाशी खणतात, मापं घेतात, हे पाहून लोकांना वाटायचं की ते गुप्तधन शोधताहेत, असं त्याचा चरित्रकार मानेत्ती सांगतो. तिथे शिकलेलं १४१९ मध्ये सुरू झालेल्या फ्लोरेन्सच्या अनाथालयात दिसतं. दर्शनी ओसरीला नऊ कमानी आहेत. खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि खांबापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, ही तिन्ही मापं एकच. म्हणजे प्रत्येक खण हा एक घन झाला. राखाडी दगडाचे खांब, पांढऱ्या गिलाव्याच्या भिंती, बाकी काही नाही. ती ओसरी पाहताना मन निवतं, ते या मोजमापामुळे.

पण ब्रुनेलेस्कीचे सगळे नमुने रोमन नव्हते, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. फ्लोरेन्सचं बाप्तिस्मागृह हे मुळात रोमन युद्धदेव मार्सचं देऊळ आहे, अशी तिथल्या लोकांची पक्की समजूत होती. खरं तर ती इमारत ११व्या-१२व्या शतकातली. तिच्याकडून जे शिकलं गेलं, ते प्राचीन म्हणून शिकलं गेलं, आणि त्या गैरसमजासकट नव्या शैलीत मुरलं.

लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती हा याच्या अगदी उलट टोकाचा माणूस. तो मुळात लेखक, लॅटिनचा पंडित, पोपच्या दरबारातला अधिकारी. वास्तुकलेवरचा आपला दहा भागांचा ग्रंथ त्याने १४५२ च्या सुमारास पोप पाचव्या निकोलसला दाखवला. भागांची संख्या व्हिट्रुव्हियसइतकीच, पण सूर शिष्याचा नाही. या माणसाची भाषा धड लॅटिन नाही की धड ग्रीक नाही, अशी तक्रार त्याने उघडपणे केली, आणि जिथे ग्रंथ कळत नाही तिथे अवशेषांकडे पाहून स्वतःचा निर्णय दिला. हा ग्रंथ १४८५ मध्ये फ्लोरेन्सला छापला गेला, म्हणजे खुद्द व्हिट्रुव्हियस छापला जाण्याच्या आधी.

पंडित म्हटलं की लिहून मोकळा होणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आल्बेर्ती तसा नव्हता. रिमिनी गावात सिजिस्मोंदो मालातेस्ता या सरदाराने एका जुन्या गॉथिक चर्चला नवा पोशाख चढवायचं काम त्याला दिलं. गावातच इसवी सनपूर्व २७ मधली सम्राट ऑगस्टसची कमान उभी होती. आल्बेर्तीने तिच्यावरून चर्चचा दर्शनी भाग रचला. तो स्वतः रोममध्ये, काम पाहायला माणूस रिमिनीत. नोव्हेंबर १४५४ मधलं त्याचं या माणसाला, मात्तेओ दे’पास्तीला, लिहिलेलं पत्र सुदैवाने टिकून आहे. घुमटाची उंची रुंदीच्या दुप्पट हवी असं कुणीतरी साइटवर म्हणालं होतं. आल्बेर्तीचं उत्तर असं, की ज्यांनी रोमची स्नानगृहं आणि पँथिऑन बांधलं त्यांच्यावर आपला जास्त विश्वास आहे. भित्तिस्तंभांच्या मापात फरक केलात तर सगळं संगीत बेसूर होईल, असंही त्याने बजावलं. मालातेस्ताचं नशीब फिरलं आणि ते चर्च अर्धवटच राहिलं, घुमट तर झालाच नाही. पण पत्रातून हुकूम सोडणारा वास्तुकार आणि जागेवर काम पाहणारा माणूस ही कामाची वाटणी तिथे लख्ख दिसते.

यापेक्षा मोठा प्रश्न त्याला मांतुआत सोडवायचा होता. देवळाला दर्शनी भाग कसा असतो, हे प्राचीन रोमने दाखवून ठेवलं होतं. समोर खांब, वर त्रिकोणी माथा. पण रोमन देऊळ हे आत गर्दी करण्यासाठी नव्हतं, यज्ञवेदी बाहेर असे. चर्चमध्ये हजारो माणसं आत यायची. मांतुआच्या सांत आंद्रेआत तर ख्रिस्ताचं रक्त मानल्या जाणाऱ्या अवशेषाच्या दर्शनाला यात्रेकरूंची रीघ लागे. आल्बेर्तीने मग दर्शनी भागात दोन वेगळ्या प्राचीन गोष्टी एकत्र केल्या. विजय-कमानीची मधली उंच कमान घेतली आणि तिच्यावर देवळाचा त्रिकोणी माथा ठेवला. आत गेल्यावर तीच कमान, तोच ताल दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पुढे चालू राहतो, आणि वर सुमारे १८ मीटर रुंदीचं अर्धगोल छत, रोमच्या विशाल स्नानगृहांची आठवण देणारं. रोममध्ये कुणी कधी असं बांधलं नव्हतं. तरीही ते पाहणाऱ्याला अस्सल रोमन वाटतं. काम १४७२ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी आल्बेर्ती गेला. भिंती चढवल्या लुका फांचेल्लीने.

दगड मोजणं हे पुढे रोममध्ये जवळजवळ सरकारी काम झालं. ब्रामांतेने सान पिएत्रो इन मोंतोरिओच्या आवारात १६ खांबांचं छोटं गोल देवालय उभारलं, ते इतकं नेमकं होतं की सेर्लिओने आणि नंतर पाल्लादिओने प्राचीन इमारतींच्या चित्रांमध्येच त्यालाही जागा दिली. आपल्याच शतकातल्या वास्तुकाराला प्राचीनांच्या पंगतीत बसवणं, याहून मोठा मान त्या काळी नव्हता. त्याच ब्रामांतेने १५०६ मध्ये नव्या सेंट पीटर्ससाठी हजार वर्षांहून जुनी बासिलिका पाडायला घेतली, आणि रोमकरांनी त्याचं नाव ‘पाडापाडीचा उस्ताद’ असं पाडलं.

ब्रामांतेनंतर सेंट पीटर्सचं काम राफाएलकडे आलं. १५१५ मध्ये पोप दहाव्या लिओने त्याला आणखी एक अधिकार दिला. रोम आणि आसपासच्या दहा मैलांत उकरून निघणारा दगड सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी तो घेऊ शकत होता, पण कोरीव लेख असलेला दगड त्याच्या परवानगीशिवाय कुणी फोडायचा नाही. म्हणजे जुन्या दगडाचा खरेदीदारही तोच आणि राखणदारही तोच. राफाएलला लॅटिन बेताचंच येत असावं. त्याने फाबियो काल्व्हो या वयोवृद्ध विद्वानाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि व्हिट्रुव्हियसचा इटालियन अनुवाद करून घेतला. १५१९ च्या सुमारास बाल्दास्सारे कास्तिल्योनेच्या मदतीने त्याने पोपला उद्देशून एक पत्र तयार केलं. त्यात संगमरवरी मूर्ती आणि कोरीव दगड भट्टीत घालून चुना केला जातो याबद्दल खरी वेदना आहे. आणि त्यात एक कार्यपद्धतीही आहे. इमारत नोंदवायची तर तीन रेखाटनं हवीत: तळाचा आराखडा, बाहेरची उभी बाजू आणि उभा छेद, तिन्ही एकाच प्रमाणात. यथार्थदर्शी चित्र सुंदर दिसतं, पण त्यावरून माप घेता येत नाही. आजही वास्तुकाराच्या कार्यालयात नकाशे याच तीन प्रकारांनी निघतात.

जसजशी मापं वाढत गेली, तसतशी अडचणही वाढली. रोममधलं मार्सेल्लुसचं नाट्यगृह हे डोरिक शैलीचं सर्वांत नावाजलेलं उदाहरण. पण त्याच्या कंगणीखाली दातांसारख्या छोट्या ठोकळ्यांची रांग आहे, आणि व्हिट्रुव्हियसच्या हिशेबाने ती इऑनिकमध्ये शोभते, डोरिकमध्ये चालत नाही. आता खरं कोण? सेबास्तियानो सेर्लिओने १५४० मध्ये व्हेनिसला छापलेल्या प्राचीन वास्तूंच्या पुस्तकात निकाल दिला: नाट्यगृह बांधणारा चुकला, व्हिट्रुव्हियसचा नियम मोडून त्याचं अनुकरण करू नये. बावीस वर्षांनी जाकोपो बारोत्सी दा विन्योलाने नेमकं तेच नाट्यगृह आपल्या डोरिकचा नमुना म्हणून निवडलं, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांना भावतं. दगड एकच, निवाडे दोन. आणि दोन्ही निवाडे देणारे व्हिट्रुव्हियसचे जाणकार होते. अभिजात नियमांना आपण दगडावरची रेघ समजतो, पण ते असे वादातून ठरलेले आहेत.

स्तंभांचे पाच प्रकार हीसुद्धा अशीच ठरवलेली गोष्ट. व्हिट्रुव्हियसकडे डोरिक, इऑनिक, कोरिंथियन आणि तस्कन एवढेच आहेत. कोरिंथियनची पानं आणि इऑनिकची वेटोळी एकत्र असलेले खांब रोमन विजय-कमानींवर दिसत होते, पण ग्रंथात त्यांना नाव नव्हतं. सेर्लिओने १५३७ च्या पुस्तकात पाचही प्रकार एका पानावर शेजारी शेजारी उभे केले आणि मिश्र प्रकाराला पाचवं स्थान दिलं. लाकडी ठशांची मोठी चित्रं, सोबत साधी इटालियन. लॅटिन न येणारा गवंडीसुद्धा ते पान समोर ठेवून काम करू शकत होता. दोन वर्षांत अँटवर्पला त्याचा फ्लेमिश अनुवाद निघाला.

विन्योलाने १५६२ मध्ये याहून धारदार काम केलं. त्याच्या पुस्तकात ३२ तक्ते आहेत आणि मजकूर अगदी थोडा. अडचण अशी होती, की इटलीत प्रत्येक शहराचं माप वेगळं. फ्लोरेन्सचा हात सुमारे ५८ सेंटिमीटरचा, विचेंझाचा फूट सुमारे ३५.७ सेंटिमीटरचा. मग एका गावचं माप दुसऱ्या गावच्या पाथरवटाला काय उपयोगाचं? विन्योलाने फूट आणि हात बाजूलाच ठेवले. एकूण उपलब्ध उंचीचे १९ भाग करायचे. ४ भाग खालच्या चौथऱ्याला, १२ खांबाला, ३ खांबावरच्या तुळई, पट्टा आणि कंगणीला. समजा दर्शनी भाग १९ फूट उंच आहे आणि खांब डोरिक हवा आहे. खांबाच्या वाट्याला १२ फूट आले. डोरिक खांब स्वतःच्या जाडीच्या आठपट उंच असतो, म्हणून जाडी दीड फूट. जाडीचं अर्धं, म्हणजे पाऊण फूट, हे एक मूळ माप झालं. आता खांबाच्या तळापासून कंगणीच्या शेवटच्या गोलाईपर्यंत सगळं या मूळ मापाच्या पटीत किंवा हिश्शांत तक्त्यावर लिहिलेलं आहे. तस्कन खांब जाडीच्या सातपट, इऑनिक नऊपट, कोरिंथियन आणि मिश्र दहापट. भागाकार येणाऱ्या कुणालाही हे जमेल.

त्यासाठी किंमत मोजावी लागलीच. अवशेषांमधली मापं अशी गोळीबंद कधीच नव्हती. रोमन गवंड्यांनी जागा पाहून कमीजास्त केलं होतं. विन्योलाने ते चढउतार कापून काढले, आणि मापं आपण जुळवून घेतली आहेत हे त्याने स्वतः सांगितलंही. पुढच्या तीन शतकांत त्याचं पुस्तक युरोपभर पुन्हा पुन्हा छापलं गेलं, आणि पुस्तकावरून शिकलेल्या पिढ्यांना प्राचीन रोम होता त्यापेक्षा जास्त नियमबद्ध वाटू लागला.

आंद्रेआ पाल्लादिओकडे आलं की या सगळ्या धाग्यांची एक वीण दिसते. १५०८ मध्ये पादुआत जन्मलेला हा मुलगा जात्याच्या दगडांचं काम करणाऱ्या माणसाचा. तेराव्या वर्षी पाथरवटाकडे उमेदवारीला लागला, पुढे विचेंझाला पळाला आणि तिथल्या कारखान्यात छिन्नी चालवत तिशीपर्यंत पोचला. तिथे त्याला जानजोर्जो त्रिस्सिनो हा उमराव विद्वान भेटला. त्याने त्याला ‘पाल्लादिओ’ हे नाव दिलं, प्राचीन ग्रंथांची गोडी लावली आणि १५४१ मध्ये रोमला नेलं. हात आधीच तयार होता, डोळा रोममध्ये तयार झाला. पुढे दानिएले बार्बारो या पंडिताने १५५६ मध्ये व्हिट्रुव्हियसचा सटीप अनुवाद काढला, तेव्हा चित्रांसाठी त्याला पाल्लादिओच लागला.

विचेंझाच्या नगरसभेच्या जुन्या इमारतीभोवतीच्या ओसऱ्या १४९६ मध्ये कोसळल्या होत्या. सान्सोव्हिनो, सेर्लिओ, जुलिओ रोमानो अशा बड्या नावांना विचारून झालं. शेवटी १५४९ मध्ये काम मिळालं ते या स्थानिक पाथरवटाला. मूळ इमारतीचे खण सारखे नव्हते. वाटा आणि जुन्या भिंती जिथे होत्या तिथेच ठेवणं भाग होतं. एकसारख्या कमानी बसवायच्या कशा? पाल्लादिओने प्रत्येक खणात मध्ये कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट माथ्याची चिंचोळी मोकळी जागा ठेवली. कमानी सगळीकडे सारख्या. खण रुंद असेल तिथे बाजूच्या फटी रुंद, अरुंद असेल तिथे अरुंद, कोपऱ्यात तर अगदी बारीक. खाली डोरिक, वर इऑनिक. चौकात उभा राहणारा माणूस कमानी मोजतो, फटी मोजत नाही. त्याला सगळं एका मापाचं वाटतं. ही रचना सेर्लिओच्या पुस्तकात छापलेली होती. तिच्यात ही लवचीकता दडलेली आहे हे हेरायला पाथरवटाचा डोळा लागला.

त्याच्या ग्रामीण हवेल्यांमध्ये एक मोठी चूक फळाला आली. देवळासारखा खांबांचा आणि त्रिकोणी माथ्याचा दर्शनी भाग घराला लावायची प्रथा त्यानेच रूढ केली. त्याचा तर्क असा, की माणसं आधी घरात राहायला लागली, मग देवांसाठी देवळं बांधली. तेव्हा देवळाचं रूप घरावरूनच आलेलं असणार. प्राचीन घरं त्याने पाहिलीच नव्हती. पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं १७४८ मध्ये, आणि रोमन घर रस्त्याकडे पाठ करून आतल्या चौकाकडे तोंड करतं हे तेव्हा नजरेला आलं. पण तोवर विचेंझाजवळच्या टेकडीवर चारही बाजूंना देवळाचं तोंड असलेली त्याची रोतोंदा ही हवेली उभी होती, आणि तिच्या मागे दोनशे वर्षांची परंपरा.

त्याचे अनेक खांब विटांचे आहेत. रोमन अवशेषांत वीट दगडापेक्षा बरी टिकलेली त्याने पाहिली होती. म्हणून गोलाईच्या विटा रचून खांब करायचा, वरून संगमरवराच्या भुकटीचा गुळगुळीत चुना, आणि दगड फक्त तळखड्याला आणि माथ्याला. शेतीतून मिळणाऱ्या पैशात उमरावांना रोम परवडलं ते या युक्तीमुळे. १५७० मध्ये व्हेनिसला निघालेल्या त्याच्या चार भागांच्या ग्रंथात विटा, चुना, वाळू यांपासून सुरुवात आहे, आणि प्राचीन देवळं येतात ती शेवटी. डोरिक खांबाला प्राचीनांकडे तळखडा नसे, हे तो सांगतो, आणि तरीही लावावा, सौंदर्य वाढतं, असंही सांगतो. विद्वत्ता आणि हातोटी यांचं नातं याहून स्पष्ट क्वचितच कुणी मांडलं असेल. इंग्लंडचा इनिगो जोन्स १६१३-१४ मध्ये या ग्रंथाची प्रत घेऊन इटलीभर फिरला आणि इमारतीसमोर उभं राहून समासात टिपणं करत गेला. ती प्रत आजही ऑक्सफर्डला आहे.

या शैलीचा एक फाटा समुद्रमार्गे आपल्याकडेही आला. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावर प्रबोधनकाळाने ठरवलेल्या स्तंभप्रकारांची चढण पाहायला मिळते. थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी १७व्या शतकाच्या मध्यात बांधलेलं सेंट कॅजेटन चर्च तर सेंट पीटर्सच्या धर्तीवरच बेतलेलं आहे: कोरिंथियन खांब, त्रिकोणी माथा, मागे घुमट. मात्र भिंती जांभ्याच्या, आणि वर चुन्याचा गिलावा. रोममध्ये सेंट पीटर्सच्या दर्शनी भागाच्या टोकाला बेर्निनीने घंटेचा मनोरा बांधायला घेतला होता. भिंतीला भेगा पडल्या आणि १६४६ मध्ये तो उतरवावा लागला. गोव्यातल्या चर्चला मात्र दोन्ही टोकांना बुटके चौकोनी मनोरे आहेत, आणि घंटा त्यांत आहेत.